हलाखीच्या दिवसांत ऐषारामी फॅशनच्या बातम्या : चिडचिड माझी, पण दोष कोणाचा?

अर्धविराम :

गेल्या आठवड्यात फोनवर बातम्या वाचत होते. एका मोठ्या कंपनीने काही हजार कर्मचाऱ्यांना एका ई-मेलने कामावरून कमी केल्याची बातमी होती. ती संपवून बोट वर सरकवले, तर तिला लागूनच, त्याच टंकात आणि त्याच मापाच्या मथळ्याखाली दुसरा मजकूर सुरू झाला : 'या मोसमात तुमच्याकडे असायलाच हव्यात अशा दहा बॅगा.' मी तो लेख शेवटपर्यंत वाचला. ती बॅग कशाची शिवली आहे, किती वर्षे टिकेल, तिचा बंद तुटला तर बदलून मिळतो का, यांतले काहीही दहांपैकी एकाही बॅगेबद्दल सांगितलेले नव्हते. 'कालातीत', 'मोहक' आणि 'गुंतवणूक ठरेल अशी' ही विशेषणे मात्र आलटूनपालटून दहाही ठिकाणी हजर होती, आणि सहा ठिकाणी किमतीच्या जागी 'विचारणा केल्यास कळवू' एवढेच लिहिलेले होते.

मला सर्वांत जास्त खटकला तो मथळ्यातला 'च'. 'असाव्यात' म्हटले असते तर ती एक सूचना झाली असती, 'आवडतील' म्हटले असते तर अंदाज झाला असता. पण 'असायलाच हव्यात' म्हटले की ज्याच्याकडे ती वस्तू नाही त्याच्यात काही उणे आहे असा अर्थ आपोआप निघतो. आमच्या घरी सध्या दोनाऐवजी एकच पगार येतो आहे, त्यामुळे हा 'च' कदाचित मला जरा जास्तच टोचला असेल, हे आधीच कबूल करते.

मला कपड्यांचा तिटकारा नाही. उलट शाळेत असताना मासिकांतली फॅशनची पाने कापून मी वहीत चिकटवत असे, आणि ती वही अजूनही माझ्याजवळ आहे. म्हणूनच हा राग नेमका कशाचा आहे ते मला कळत नाही. तो निव्वळ मत्सर आहे का? की वाईट दिवसांत अशा गोष्टींबद्दल लिहायची एखादी बरी रीत असते आणि ती कोणी पाळत नाही, याचा हा राग आहे? आणि ज्या वस्तू वाचकांपैकी जवळजवळ कोणीच घेऊ शकत नाही, त्यांच्याबद्दल इतका मजकूर सतत छापला जातो तो नेमका कोणासाठी? ज्यांनी या क्षेत्रात काम केले आहे त्यांनी अवश्य लिहावे.

शाईची दौत :

मी बारा वर्षे एका दैनिकाच्या पुरवणीत उपसंपादक होतो, त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. तो मजकूर तुमच्यासाठी नसतो, आणि जो श्रीमंत गिऱ्हाईक ती बॅग विकत घेणार असतो त्याच्यासाठी तर मुळीच नसतो, कारण त्याला दुकानातून थेट फोन येतो. तो मजकूर जाहिरातदारासाठी असतो. 'व्होग' या फॅशनच्या मासिकाच्या अमेरिकन आवृत्तीचा सप्टेंबर २००७ चा अंक ८४० पानांचा होता आणि त्यांतली ७२७ पाने जाहिरातींची होती. म्हणजे उरलेल्या शंभराहून थोड्या अधिक पानांवर जे काही लिहिले गेले, ते त्या ७२७ पानांच्या शेजारी शोभून दिसेल अशा बेताने लिहिले गेले असणार, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. पुढच्याच वर्षी अर्थव्यवस्था कोसळली, हा निव्वळ योगायोग. पण तो अंक आठवला की मला नेहमी दिवाळखोर घरातल्या शेवटच्या थाटाच्या लग्नाची आठवण होते.

मंदी आली की ही गोष्ट सुधारत नाही, बिघडते. नोकऱ्यांच्या, घरांच्या आणि गाड्यांच्या जाहिराती आटल्या की ज्याच्याकडे अजून पैसा शिल्लक आहे त्याच्यापुढे संपादक पूर्वीपेक्षा अधिक वाकतो. हे मी माझ्या टेबलावरून पाहिले आहे. आणि त्यांच्याकडे पैसा शिल्लक असतोच. एलव्हीएमएच या ऐषारामी वस्तूंच्या सर्वांत मोठ्या समूहाचे उत्पन्न महासाथीच्या पहिल्या वर्षी, म्हणजे २०२० साली, ४४.७ अब्ज युरोपर्यंत उतरले खरे, पण २०२१ मध्ये ते ६४.२ अब्जांवर गेले, म्हणजे साथीच्या आधीच्या वर्षापेक्षाही बरेच वर. तुमचे आणि माझे वाईट दिवस हे त्यांच्या ताळेबंदात वाईट दिवस म्हणून नोंदलेच जात नाहीत. शिवाय फ्रान्समधली 'ले एको' आणि 'ले पारिझियाँ' ही दोन दैनिके याच समूहाच्या मालकीची आहेत, ही गोष्टही लक्षात असू द्यावी.

आता एक छोटा प्रसंग सांगतो. एका नामांकित फॅशनघराण्याची बॅग छायाचित्रासाठी आमच्याकडे आली होती. ती पातळ कागदाच्या चार थरांत गुंडाळलेली होती, सोबत पांढरे हातमोजे होते आणि बॅग जशी आली तशी परत जाईल असे लिहून द्यायचा एक छापील फॉर्म होता. मी मोजे घालून ती उघडली, तर आतल्या खिशाच्या कोपऱ्यात टीप सुटलेली होती आणि दोऱ्याचे टोक बाहेर आले होते. छायाचित्राखालच्या चार ओळींत मी ते प्रामाणिकपणे लिहिले. छापून आलेल्या अंकात त्या वाक्याच्या जागी 'कारागिराच्या हाताची ऊब जाणवणारी शिवण' असे शब्द होते. मला कोणी रागावले नाही, कोणी बोलावून घेतले नाही. फक्त पुढच्या वेळी बॅग आली तेव्हा मोजे दुसऱ्या कोणाच्या टेबलावर ठेवलेले होते.

म्हणून आपला राग रास्त आहे असे मला वाटते, मात्र वड्याचे तेल वांग्यावर निघू नये. ज्या मुलीने तो दहा बॅगांचा लेख लिहिला, तिला बहुधा दिवसाला असे तीन लेख लिहावे लागत असतील आणि त्यांतली एकही बॅग तिने हातात घेतलेली नसेल. वेगळे लिहिता येते, हेही खरे आहे. रॉबिन गिव्हन यांना 'वॉशिंग्टन पोस्ट'मधल्या फॅशनविषयक लेखनासाठी २००६ साली समीक्षेचा पुलित्झर हा अमेरिकेतल्या पत्रकारितेचा मानाचा पुरस्कार मिळाला, आणि फॅशनवर लिहिणाऱ्या कोणाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. सत्ताधारी माणसे काय घालतात आणि त्यातून काय सांगू पाहतात, हे गिव्हन राजकीय बातमीदाराच्या नजरेने वाचत. पण अशा लेखनाला किंमत मोजावी लागते. 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या समीक्षक कॅथी होरिन यांना २०१२ साली सेंट लॉराँ या फॅशनघराण्याच्या नव्या डिझायनरच्या पहिल्या प्रदर्शनाचे निमंत्रणच दिले गेले नाही, आणि त्यांना छायाचित्रे पाहून समीक्षा लिहावी लागली. एवढ्या मोठ्या वृत्तपत्राच्या समीक्षकाला दार बंद होते, तर लहान पुरवणीच्या उपसंपादकाने काय करावे?

सरळरेघ :

प्रश्न वाचला, प्रतिसादही वाचला. नको असेल तर वाचू नये, इतके हे सोपे आहे. कोणी आपल्या पैशाने काय घ्यावे हे आपण ठरवत नाही, मग कोणी कशावर लिहावे हे तरी आपण का ठरवावे? कष्टाच्या दिवसांत माणसाला घटकाभर सुंदर चित्रे पाहाविशी वाटली तर त्यात गैर काय आहे?

अर्धविराम :

सरळरेघ, चित्रे पाहण्यात काहीच गैर नाही. माझी वही त्याला साक्ष आहे. पण त्या वहीतली चित्रे मी स्वतः शोधून कापली होती. आता ती मी न शोधता माझ्यापुढे येतात, आणि तीही बातमीचा वेश घेऊन, नोकऱ्या गेल्याच्या बातमीला खेटून. जाहिरात असेल तर तिच्यावर 'जाहिरात' असे लिहावे, मी आनंदाने पाहीन किंवा पुढे जाईन. शाईची दौत यांचा प्रसंग वाचल्यावर मला एवढे तरी स्पष्ट झाले आहे की मला राग बॅगेचा नव्हता, तर सुटलेली टीप पुसून टाकणाऱ्या त्या वाक्याचा होता.

उरेब पट्टी :

मी तीस वर्षे शिवणकाम करतो, म्हणून थोडा वेगळा सूर लावतो. ऐषारामी कपड्यांवर सरसकट राग धरला की तो शेवटी शिवणाऱ्याच्या ताटावर उतरतो, हे आधी ध्यानात घ्यावे. असा राग नवीन नाही. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये ख्रिश्चन दिऑर या डिझायनरने आपला पहिला संग्रह दाखवला, ज्याला पुढे 'न्यू लुक' हे नाव पडले. कंबर आवळलेली आणि घेर असा की एका झग्याला वारच्या वार कापड लागावे. त्याच वर्षी पॅरिसच्या र्‍यू लेपिक या बाजारपेठेच्या रस्त्यावर त्या कपड्यांची छायाचित्रे घेतली जात असताना तिथल्या बायका मॉडेलवर धावून गेल्या आणि त्यांनी तिच्या अंगावरचे कपडे ओढून फाडले. त्या बायकांचा राग मला समजतो, कारण दुसरे महायुद्ध संपले तरी टंचाई संपलेली नव्हती. ब्रिटनमध्ये तर १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन होते आणि ते १९४९ पर्यंत उठले नाही. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने मिळत आणि एका लोकरी झग्याला त्यांतली ११ खर्ची पडत. अशा बाईने तो घेर पाहिला तर तिच्या मनात पहिला हिशोब कुपनांचाच येणार. पण त्याच घेराने युद्धात बसून गेलेल्या कापडगिरण्यांना आणि शिवणघरांना पुन्हा काम दिले, आणि दिऑरचा भांडवलदार मार्सेल बुसाक हा स्वतः कापडगिरण्यांचाच मालक होता, हेही तितकेच खरे आहे. या दोन्ही गोष्टी एकाच बातमीत येऊ शकतात, आणि तशी बातमी मला वाचायची असते.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. या लेखनात कपड्याविषयी काही नसते. कपडा कसा केला आहे हे ज्याला कळते तो माणूस त्या पानावरून उपाशी परततो. शिवणीत माया, म्हणजे टिपेबाहेर राखलेले जादा कापड, किती सोडली आहे, म्हणजे उद्या अंग भरले तर उसवून वाढवता येईल की नाही. अस्तर सुटे आहे की चिकटवलेले. चौकडा शिवणीवर जुळवला आहे की नाही. तुकडा उरेबात, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरका, कापला आहे की कापड वाचवायला सरळ कापून मोकळे झाले आहेत, हे सारे छायाचित्र मोठे करून पाहिले तर अर्धेअधिक दिसते. स्वस्त कपड्यात माया पाव इंचही नसते आणि महागड्यात ती असायला हवी. असेल तर तसे लिहा, नसेल तर तेही लिहा. ज्याच्या खिशात कमी पैसे आहेत त्याला तर हीच माहिती सर्वांत जास्त उपयोगाची, कारण त्याला एकच कपडा घ्यायचा असतो आणि तो पाच वर्षे टिकवायचा असतो.

हे कधी झालेच नाही असेही नाही. १९४२ साली ब्रिटिश सरकारने कपड्यांवर काटकसरीचे नियम लादले : बटणे किती, चुण्या किती, पुरुषांच्या विजारीच्या टोकांना बाहेरून दुमड नको, असे सगळे ठरवून दिले, आणि मग हार्टनेल, एमीज यांच्यासारख्या राजघराण्यासाठी आणि धनिकांसाठी शिवणाऱ्या डिझायनरांकडूनच त्या नियमांत बसणाऱ्या साध्या कपड्यांचे नमुने करून घेतले. त्या काळातल्या मासिकांच्या अंकांतून कपडे बदलून, जोडून, दुरुस्त करून वापरायचे सल्ले येत. झिजलेली कॉलर उसवून, उलटून, आतली कोरी बाजू वर घेऊन पुन्हा लावली की शर्ट आणखी दोन वर्षे चालतो. हे काम माझ्या गुरूने मला पहिल्या महिन्यात शिकवले होते आणि आता ते करायला सांगणारे गिऱ्हाईक वर्षात दोनतीनदाच येते. कॉलर उलटण्याची कृती आजच्या कुठल्या फॅशनच्या पानावर आली, तर ते पान मी दुकानात लावून ठेवीन.

आणि एक शेवटचे. २०२४ च्या जूनमध्ये मिलानच्या न्यायालयाने दिऑरच्या एका इटालियन उपकंपनीवर देखरेखीसाठी प्रशासक नेमला, कारण तिच्या कंत्राटदारांच्या हाताखाली काम करणाऱ्या कार्यशाळांत कामगारांची पिळवणूक होत असल्याचे तपासात आढळले होते. दुकानात २,६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या एका बॅगेच्या जोडणीसाठी कंत्राटदाराला, कच्चा माल सोडून, ५३ युरो मिळत असल्याचे कागदपत्रांतून पुढे आले. न्यायालयाने पुढच्या वर्षी ती देखरेख उठवली, हेही सांगायला हवे. मला त्या आकड्याचे नवल वाटले नाही, या धंद्यात मी तीस वर्षे आहे. ही बातमी मी अर्थपानावर वाचली. त्या आठवड्यात फॅशनचे पानही उघडले होते, आणि तिथे बॅगाच होत्या.

तिसरी घंटा :

उरेब पट्टी यांनी युद्धकाळाचा विषय काढलाच आहे, तर त्यात थोडी भर घालतो. ब्रिटिश 'व्होग'च्या तेव्हाच्या संपादक ऑड्री विदर्स यांनी ली मिलर या छायाचित्रकार बाईंना युद्धवार्ताहर म्हणून युरोपात काम करू दिले. बूखेनवाल्ड आणि डाखाऊ इथल्या नाझी छळछावण्यांची मिलर यांची छायाचित्रे जून १९४५ च्या अमेरिकन 'व्होग'मध्ये छापून आली. कपड्यांच्या मासिकात ती छायाचित्रे पाहून वाचणाऱ्याचे काय झाले असेल, याची कल्पना करावी. मात्र ब्रिटिश आवृत्तीने युद्धातल्या विजयानिमित्तच्या आपल्या अंकात त्यांना फारच थोडी जागा दिली. म्हणजे ज्यांनी धैर्य दाखवले त्यांचाही हात कधीकधी आखडला, आणि मला हा तपशील पुरस्काराच्या गोष्टीपेक्षा अधिक शिकवणारा वाटतो.

याच्या दुसऱ्या टोकाला मार्च २०११ चा अमेरिकन 'व्होग'चा अंक आहे. सीरियाच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या पत्नी अस्मा अल-असद यांचे गुणगान करणारा लेख त्यात होता, आणि त्याच महिन्यात त्या देशात निदर्शकांवर गोळ्या झाडल्या जाऊ लागल्या. पुढे तो लेख संकेतस्थळावरून गुपचूप काढून टाकण्यात आला. दहा बॅगांचा लेख आणि हा लेख यांत मला फार अंतर दिसत नाही. दोन्हीकडे लिहिणाऱ्याने समोर ठेवलेली वस्तू उलटून पाहिलेली नाही.

अर्धविराम यांनी विचारले आहे की वाईट दिवसांत लिहायची बरी रीत असते का. नाव बदलणे ही ती रीत नव्हे, एवढे मी सांगू शकतो. 'फायनान्शियल टाइम्स'च्या ऐषारामी पुरवणीचे नाव वर्षानुवर्षे 'हाउ टु स्पेंड इट', म्हणजे 'पैसा कसा उधळावा', असे होते. २०२२ साली काळाचे भान म्हणून ते चार अक्षरांपुरते, 'एचटीएसआय' एवढेच ठेवले गेले. पाटी आखूड झाली, दुकान तेच राहिले. त्याच वर्षी ६ मार्चला, युक्रेनवर हल्ला होऊन दहा-अकरा दिवस झाले असताना, पॅरिसमध्ये बालेन्सियागा या फॅशनघराण्याचे प्रदर्शन झाले. डिझायनर देम्ना याला स्वतःला लहानपणी युद्धामुळे घर सोडावे लागले होते. प्रत्येक खुर्चीवर युक्रेनच्या झेंड्याच्या रंगांतला टी-शर्ट ठेवलेला होता आणि मॉडेल काचेपलीकडच्या कृत्रिम हिमवादळातून वाट काढत चालत होत्या. पाहणाऱ्यांपैकी काहींचे डोळे पाणावले, असे तेव्हा वाचले होते आणि ते खोटे वाटले नाही. पण त्या मॉडेलांच्या हातांत कचऱ्याच्या पिशवीसारख्या दिसणाऱ्या चामड्याच्या पिशव्या होत्या आणि त्या पिशव्या पुढे रीतसर विक्रीला आल्या. हे दोन्ही त्या एकाच वादळात होते, आणि बातमीदाराने ते दोन्ही सांगायला हवे होते : अश्रू खरे होते आणि पिशवी विकाऊ होती. दोन्ही सांगणारे काही जण होतेही. अशा लेखकांची नावे मी टिपून ठेवतो आणि पानाऐवजी त्या माणसाचे लेखन वाचतो. माझ्यापुरता मी शोधलेला उपाय हा आहे.

आपल्या 'च'बद्दल मात्र माझ्याकडे उपाय नाही. तो काढला तर त्या लेखात काय उरेल, हे पाहायला हवे.

अर्धविराम :

पाहिले. काल रात्री बसून मी त्या लेखातले सगळे 'च' आणि सगळी विशेषणे खोडली, तर दहा नावे, दहा रंग आणि सहा वेळा 'विचारणा केल्यास कळवू' एवढे उरले. मत्सर अजिबात नाही असे मी म्हणणार नाही, तिसरी बॅग देखणी होती.

त्यानंतर उरेब पट्टी यांचा प्रतिसाद पुन्हा वाचला आणि माझी रोजची कापडी बॅग उलटी करून दिव्याखाली धरली. आठ वर्षे वापरते आहे, पण आतून कधी पाहिली नव्हती. तळाच्या एका बाजूला माया जेमतेम पाव इंच आहे आणि वळणावर कापडाचे धागे सुटू लागले आहेत, दुसऱ्या बाजूला मात्र चांगली अर्धा इंच आहे. एकाच बॅगेत असे कसे झाले असेल? आणि ती आता वाचवता येईल का?

उरेब पट्टी :

दोन बाजू दोन वेगळ्या हातांनी शिवल्या असतील, किंवा दिवस संपत आला असताना दुसरी बाजू घाईने ओढली असेल. कारखान्यात असे होते. बॅग वाचेल. सुटलेले धागे कातरून टाका, ओढू नका. मग आतून उरेबात कापलेल्या पट्टीने ती कड झाकून घ्या आणि आधी धावदोरा घालून मगच यंत्रावर टीप मारा. सरळ कापलेली पट्टी लावू नका, ती वळणावर चुण्या धरते. पट्टीसाठी नवे कापड आणायची गरज नाही, जुन्या शर्टाची पाठ पुरेल.